सुनेचं कानातलं

परंड्यात माझ्या दुकानाला लागून माझ्या दोस्ताचं वेल्डिंगचं दुकान आहे. जमिनीत पडलेला दागिना हुडकायचं यंत्र बाळगणारा आमच्याकडं तो एकटाच. कुणाचं डोरलं, कुणाची अंगठी रानात पडली की लोक त्याला न्यायला येतात आणि तो मला गाडीवर मागं बसवतो. रानात पोचला की सगळ्यांचे मोबाइल बांधावर ठेवायला लावतो, मग कानाला हेडफोन चढवतो. कुणी घाई केली तर एवढंच म्हणतो, "बघू." निघालेला दागिना जिचा, तिच्याच हातात देतो. नवऱ्याच्यासुद्धा नाही.

परवा एका सोयाबीनच्या रानात गेलो. खुरपताना सुनेचं कानातलं हरवलं होतं. हरवलं नाही, माहेरी देऊन आली, असं म्हणत सासूनं तिला तामलवाडीला, माहेरीच लावून दिलं होतं. नवऱ्याला मात्र राहवेना. त्यानंच आम्हाला नेलं.

यंत्र फिरवता फिरवता हा रानाच्या मधोमध थांबला. हेडफोन काढून म्हणाला, "मावशी, सूनबाईला बोलवा."

"निघालं का?" सासू लगबगीनं पुढं आली.

"ती आल्याबिगर म्या उकरणार न्हाय."

 तेवढ्यात बायकोला आणायला नवऱ्यानं गाडीला किक मारलीसुद्धा.

परतताना मी विचारलं, "लई खोल हाय का रं?"

"यंत्र वाजलंच न्हाय," तो म्हणाला. "एवढ्या रानात ती कुठं खुरपत हुती, कुणाला ठावं हाय का? जिला ठावं हाय, तिलाच घालवून बसल्यात."