जळकाबाबा

सोहम, ऋचा, हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. तुमच्या आजोबांनाही नाही.

सोहम, परवा तू फोनवर विचारलंस, "आजी, परीक्षेला ती राक्षसाची इंग्रजी कादंबरी आहे. शास्त्रज्ञ प्रेतांच्या तुकड्यांतून जीव घडवतो आणि त्याला बघून पळून जातो, ती. हल्लीचे समीक्षक काय म्हणतात गं?" मी ती कॉलेजात कित्येक वर्षं शिकवलेली. बोलतच सुटले. कुणाला तिच्यात आईपणाचं भय दिसतं, कुणाला गोऱ्यांनी परक्या माणसांची घेतलेली धास्ती. आणि एक मत असं, की राक्षस जन्मत नाही, बघणारे त्याला घडवतात. "भारी, आजी!" तू म्हणालास. फोन ठेवला आणि मला जळकाबाबा आठवला.

जळकाबाबा आठवतो तुम्हाला? मे महिन्यात पनवेलला यायचात, जेवायला छळायचात. वरच्या मजल्यावर म्हात्रे राहायला आले होते — तळोज्याच्या कारखान्यात रसायन उडून अर्धा चेहरा गेलेला. एकटे, अबोल. जिन्यात त्यांची पावलं वाजली की मी कुजबुजायचे, "ऐका — जळकाबाबा आला. न जेवणाऱ्यांना पोत्यात घालतो." ताटातला वरणभात चटकन संपायचा. आणि मला — कसं सांगू — गंमत वाटायची.

तुम्ही खाली खेळताना ते इतर मुलांना सांगितलंत. मुलांनी आयांना. पोतं राहिलं बाजूला. "मुलं पळवतो" एवढंच उरलं.

एका सकाळी सोसायटीच्या गेटपाशी लोकांनी त्यांना घेरलं. हातातली पिशवी हिसकून रस्त्यावर उपडी केली — मेथीची जुडी, दोन कांदे. कुणीतरी त्यांच्या कानाखाली वाजवली. मी तिथेच होते, दूध घेऊन परतत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"मॅडम, तुमी तरी सांगा यांना. मी असा नाय."

ते नाव मी पाडलंय, एवढंच म्हणायचं होतं. किती शब्द लागले असते? मी म्हणाले, "मुलं घाबरतात हो तुम्हाला, हे मात्र खरं."

त्याच आठवड्यात म्हात्रे घर सोडून गेले. कुठे? — मी कधी चौकशी केली नाही.

आज दुपारी खालच्या मजल्यावरची सून लेकराला भरवत होती. दार उघडं होतं. ती यंदाच राहायला आलीय. म्हात्र्यांना तिने पाहिलेलंही नाही.

"खा बघू पटकन. जळकाबाबा आला — ऐक, जिन्यात पावलं वाजतायत."

बाळाने चटकन आ केला.

जिना मी चढत होते.