कांद्याच्या वखारीतली लढाई

भिमा फौजेतून पेन्शनीत आला आणि कवठे येमाईत त्याचा मेजर झाला. फौजेतून परतलेल्या कुणालाही गाव मेजरच म्हणतं. खरं तर तो हवालदार होता, आणि बावीस वर्षांत शत्रूवर एक गोळी झाडायची वेळ त्याच्यावर आली नव्हती. त्याची नेमणूक होती एका ट्रेनिंग सेंटरातल्या वाळूच्या खोलीत. मोठ्या टेबलावर वाळूचे डोंगर करायचे, नद्या काढायच्या, शिशाचे बोटभर शिपाई मांडायचे आणि बाजूला सावधान उभं राहायचं. मग साहेब लोक येऊन लुटुपुटूची लढाई खेळायचे. शिपाई हलवायचे ते त्यांनीच.

बायकोला, वच्छलाबाईला, हे लग्नानंतर सहा वर्षांनी कळलं. तिच्या माहेरची माणसं मेंढरांमागं घाट उतरून कोकणात जायची, काठीनं लांडगं हाकलायची. आणि तिचा नवरा सरकारचा पगार घेऊन वाळूवरच्या गवतासाठी लाकडाच्या भुश्शाला हिरवा रंग देत होता. त्या दिवसापासून त्याच्या वर्दीला इस्त्री करायचं तिनं सोडलं.

पेन्शनीनंतर हे खूळ सुटेल असं तिला वाटलं होतं. पण दोन हजार एक साली कांदा विकून वखार मोकळी झाली आणि भिमानं तिथं दोन जुनी दारं आडवी टाकली. जुन्या बॅटरीतलं शिसं वितळवून साच्यात शिपाई ओतले. एकेकाचा पट्टा, एकेकाची मिशी रंगवायला त्याला दुपार पुरत नसे. मेंढीच्या लोकरीची झाडं झाली, बांगड्यांच्या निळ्या काचांची नदी झाली. कुणाला किती टिचा सरकायचं ते दोऱ्यानं मोजायचं, कोण मेलं ते फाशावर ठरवायचं.

वच्छलाबाईनं एकदा विचारलंच, चाळिशी उलटलेल्या माणसाला ह्यात काय गोड लागतं?

"बावीस वर्सं डोंगर मी केले," भिमा ब्रश पुसत म्हणाला, "आन् लढले दुसरेच."

तिला हे उत्तर त्या शिपायांपेक्षाही पोरकट वाटलं.

खेळायला गडी मिळेना. शेवटी सोसायटीचे संचालक आनंदराव आले, तेही चार जणांना घेऊन, गंमत बघायला. भिमानं त्यांना नियम समजावले. आनंदरावांनी निम्मे ऐकले आणि पहिल्याच फेरीत सगळे शिपाई उघड्या माळावर ढकलले. फाशांनी ते भराभर झोपवले. भिमा म्हणाला, जरा जपून, माणसं वाया चाललीत.

"मरंनात," आनंदराव हसले. "बाहुल्याच हायत की, मेजर."

भिमानं दोरा गुंडाळला. "उठा आनंदराव. तुमच्यासंगं न्हाई खेळायचं मला."

गावाला महिनाभर विषय पुरला. बाहुल्यांसाठी संचालकाला उठवलं म्हणून गिरणीवर बाया वच्छलाबाईकडं बघून पदर तोंडाला लावत. तिला नवऱ्याची लाज वाटली. पण ज्याला वीस बाहुल्या धड सांभाळता येत नाहीत त्याच्या हातात आपण सोसायटी दिली, हेही तिच्या ध्यानात राहिलं.

नवा कांदा काढणीला आला तशी ती वखार मोकळी करा म्हणून सांगायला गेली. भिमा एकटाच खेळत होता. ह्या बाजूनं चाल करायचा, मग टेबलाला वळसा घालून त्या बाजूनं उत्तर द्यायचा. ती कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

"हे हितं कुणी हुबे केले?" तिनं विचारलं. "मागं पाणी, पुढं चढ. आमच्यात पोरगंबी असा वाडा टाकत न्हाई."

"मग तू कुठं ठेवशील?"

मेंढरं रात्री बसवायची ती जागा तिला लहानपणापासून डोळ्यांनी कळत होती. तिनं शेणानं भरलेल्या हातानं शिपाई उचलले, काही टेकाडाच्या आड ठेवले, चार नदीच्या उतारापाशी, आणि दोन लांब, लांडग्यावर नजर ठेवायला कुत्री ठेवतात तसे. भिमा चाल करून आला. तिनं त्याला नदीत लोटला. स्वयंपाकाच्या वेळेआधी त्याचे सहाच शिपाई उभे होते.

तो चिडेल म्हणून ती थांबली. तो चिडला नाही. वही आणून तिनं कुठं काय ठेवलं ते उतरवून घेऊ लागला, दोनदा परत विचारलं. साहेब लोक हरले की चूक वाळूची म्हणायचे, असं तो लिहिता लिहिता सांगत होता. हरल्यावर एवढा खूश झालेला माणूस तिनं पाहिला नव्हता, आणि तिला त्याची कीवच आली.

टेबल पडवीत हललं. दुपारी गुरांना पाणी दाखवून झालं की ती बसायची आणि बहुतेक जिंकायची. मात्र एकाही शिपायाला तिनं रंग लावला नाही, आणि गिरणीवर नवऱ्याचं डोकं फिरलंय असंच सांगत राहिली.

दिवाळी उलटल्यावर आनंदराव एकटेच आले. झालं ते झालं, एक डाव मांडा म्हणाले. भिमानं वच्छलाबाईकडं बोट केलं: आधी हिच्यासंगं खेळा. आनंदरावांनी टेबलाकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं, आणि बाईमाणसासंगं काय खेळायचं म्हणत चहा न घेताच उठले. ती त्यांच्या पाठीकडं बघत राहिली. मग भिमाला म्हणाली, मांडा, धारंला अजून येळ हाय.