बोअरच्या पाण्यात धुतलेला कोट

भोसरीतल्या एका तपासणी प्रयोगशाळेत मी नोकरी करते आणि कापड जाळणं हे तिथलं माझं काम आहे. गावी कुणाला सांगितलं तर आधी हसतात. कापडाची हातभर लांब पट्टी उभी टांगायची, खालून ठरलेले सेकंद ज्योत धरायची, ज्योत बाजूला करायची आणि मग पट्टी किती वेळ जळत राहते, किती उंचीपर्यंत काळी पडते ते लिहून ठेवायचं. आगीत शिरणाऱ्या माणसाच्या कोटाचं कापड ज्योत काढताच विझलं पाहिजे. बाकीच्या चाचण्या त्यानंतर.

दोन वर्षांपूर्वी चाकणच्या बाजूच्या काही कंपन्यांनी मिळून आमच्याकडे एक काम दिलं. प्रत्येक कंपनीचं स्वतःचं अग्निशमन पथक होतं आणि प्रत्येकाचे कोट, हातमोजे, बूट वेगळे. काहींचे चांगले, काहींचे नुसते दिसायला चांगले. सगळ्यांसाठी एकच नियमावली असावी असं ठरलं आणि समिती नेमली गेली. एक निवृत्त अग्निशमन अधिकारी अध्यक्ष, कंपन्यांचे सुरक्षा अधिकारी सदस्य, आणि चाचण्यांचा मसुदा लिहायला मी. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. आपण लिहिलेलं कुणीतरी नियम म्हणून पाळणार याचं मला इतकं अप्रूप होतं, की मसुद्याची पहिली प्रत मी धाराशिवकडच्या आमच्या गावी वडिलांना दाखवायला घेऊन गेले. त्यांना इंग्रजी येत नाही. त्यांनी कागद हातात घेतला, अंगठ्याने चाचपला आणि परत दिला.

"कागद चांगलाय," म्हणाले.

मसुदा जवळजवळ पुरा झाला होता तेव्हा एका कंपनीतून काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत एक कोट आला. त्यांच्या पॅकिंगच्या गोदामात आग लागली होती. पथकातला एक जवान आत गेला होता आणि त्याच्या अंगावरच कोटाने पेट घेतला. जवान वाचला, पण उजवा खांदा आणि पाठ भाजली. कोट का पेटला ते आम्ही सांगायचं होतं.

त्याच खेपेतला एक न वापरलेला कोटही सोबत होता. त्याच्या कापडाची पट्टी ज्योत काढताच विझली. मग जळक्या कोटाच्या खालच्या घेरातून, जिथे आग पोचली नव्हती, तिथून मी एक पट्टी कापली. ती विझली नाही. ज्योत शांतपणे वर चढत गेली, साध्या सुती कापडावर चढते तशी.

दुपारी त्या कंपनीच्या सुरक्षा अधिकाऱ्यांचा फोन आला.

"मॅडम, नवा कोट पास आहे ना? मग प्रश्नच नाही. वापरणाऱ्याने धुऊन धुऊन वाट लावली. तेवढं एका ओळीत लिहून द्या. त्याच्या फाइलला लावतो, विषय संपला."

मी ओळ लिहिली. वापरकर्त्याने केलेल्या अयोग्य धुलाईमुळे कापडाचा ज्वालारोधक गुण नष्ट झाला. वाक्यात मला काही चूक दिसत नव्हती. सही करण्याआधी कोट पिशवीत परत भरायला घेतला आणि सवयीने कापड बोटांत चुरडलं. ते ताठ होतं. शिवणीच्या आत पांढरी भुकटी बसली होती. वासाला कोट जळका होता, पण घेराजवळ अजून साबणाचा वास येत होता.

तो पांढरा थर मी ओळखला. आमचा धंदा परटाचा. माझं शिक्षण लोकांचे कपडे धुऊन, इस्त्री करून झालं, आणि आठवीपासून कोळशाच्या इस्त्रीवर मीही उभी राहिले आहे. पिंपरी-चिंचवडला आल्यापासून हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. लपवायचं असं ठरवलं नव्हतं. कुणी विचारलं की वडील "व्यवसाय करतात" एवढं तोंडातून जायचं.

मी बाहेर जिन्यात जाऊन वडिलांना फोन लावला.

"पाणी कुठलंय त्यांच्याकडं?" त्यांनी पहिलं तेच विचारलं.

"बोअरचं असेल. चाकणकडचं गाव आहे."

"मग साबण आत बसला आसंल. खाऱ्या पाण्यात साबण सुटत न्हाई, कितीबी खंगाळ. जितका जास्ती लावशील तितका जास्ती बसतो. शेवटच्या पाण्याला जरा आंबट दावायचं, मग सुटतो." मग म्हणाले, "तुला एवढं ठाव नव्हतं व्हय गं? कालेजात काय शिकवलं मग?"

मी रिपोर्टवर सही केली नाही. शनिवारी बस बदलत त्या जवानाच्या गावी गेले.

घर गावच्या जुन्या शेतकरी कुटुंबाचं होतं. थोडी जमीन अजून होती, बाकी घरातले सगळे कंपन्यांत. जवान पडवीत खाटेवर पालथा पडला होता, पाठीवर पट्ट्या. त्याने मान वळवून मला बघितलं.

"बसा मॅडम. आमाला काय उठून बसता येत न्हाई. बायको म्हणती, लग्नानंतर पयल्यांदाच एका जागी गावला."

"गप ऱ्हावा," आतून त्याची बायको म्हणाली. ती चहा घेऊन आली. वय माझ्याएवढंच असेल. कोट कसा धुता, असं मी विचारल्यावर तिने मला मागच्या दारी नेलं. बोअरचा नळ, धुण्याचा दगड, साबणाची वडी, प्लास्टिकचा ब्रश. दगडाच्या कडेला पांढरे डाग होते.

"प्रत्येक ड्रिलनंतर घरी आणायचे. नुसता धूर आन् घाम. दोनदा साबण लावल्याबगर वासच जायाचा न्हाई. मग तिसऱ्यांदा कॉलरला."

"खळ घालत होता का?"

"व्हय. संचलन असलं की. कडक दिसतोय."

पडवीतून जवान ओरडला, "पथकात माझ्यावाणी कोट कुणाचाच नव्हता, मॅडम! एप्रिलात सुरक्षा साहेबांनी मला रांगेतनं भायेर काढलं. म्हणले, बघा, कोट ठेवावा तर असा!"

कोटाच्या कॉलरच्या आत कापडी पट्टी होती. साबण वापरू नये, खळ घालू नये, मऊ म्हणजे क्षार नसलेल्या पाण्यात धुवावा. सगळं इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरांत. जवानाची बायको मराठी सातवी शिकली होती. कोट मिळाला तेव्हा काही सांगितलं होतं का, विचारलं. "सही घेतली," ती म्हणाली.

मी बाटलीत नळाचं पाणी भरून घेतलं. निघताना ती दारापर्यंत आली आणि हळू आवाजात, आत ऐकू जाणार नाही असं, म्हणाली, "मॅडम, कंपनीतलं लोक म्हणत्यात माझ्या धुण्यानं जळला. खरं हाय का?"

मला उत्तर माहीत होतं. मी म्हणाले, "अजून तपासणी चालू आहे."

तिने मान हलवली आणि आत गेली. बसमध्ये मी ती बाटली मांडीवर घेऊन बसले होते. इतक्या वर्षांत इतकं सोयीचं वाक्य मी दुसरं बोलले नसेन.

सोमवारी त्या पाण्यात साबण घालून बाटली हलवली. फेस आलाच नाही, वर दह्यासारखी साय जमली. मग जळक्या कोटाच्या घेरातून आणखी एक पट्टी कापली. ती गाळलेल्या गरम पाण्यात, थोडं व्हिनेगर घालून, वडील धूत तशी सावकाश धुतली, तीनदा खंगाळली, वाळवली आणि टांगली. ज्योत धरली, काढली. पट्टी विझली.

मी ते चार वेळा करून बघितलं. कापडाचा गुण नष्ट झालाच नव्हता. कापडावर बसलेला साबण आणि खळ जळत होती. म्हणजे मी लिहिलेली ओळ चुकीची होती. आणि पथकातले बाकीचे सगळे कोट तसल्याच पाण्यात धुतलेले, त्या क्षणीही वापरासाठी खुंटीवर टांगलेले होते.

समितीची बैठक दोन दिवसांनी चिंचवडला होती. मी त्या कोटाच्या दोन नव्या पट्ट्या, एक तशीच आणि एक व्हिनेगरने धुतलेली, छोटा बर्नर आणि पाण्याची बाटली घेऊन गेले. अध्यक्षांची परवानगी घेऊन खिडकी उघडली आणि सगळ्यांसमोर दोन्ही जाळून दाखवल्या. एक पेटली, एक विझली. एकाच कोटाच्या.

मग मी मांडलं: कोट घरी जाऊच नये, धुण्याची सोय कंपनीने करावी. सूचना मराठीत आणि चित्रांत असाव्यात. आणि नवं कापड पास करण्याआधी इथल्या पाण्यात, वडीच्या साबणाने, ब्रशने धुऊन मगच जाळून बघावं.

"अहो, सूचना लेबलवर आहेत," तेच सुरक्षा अधिकारी म्हणाले. "वाचायच्या नसतील तर आपण काय करणार? नियमावली काय अडाणी लोकांसाठी लिहायची?"

"साहेब, एप्रिलमध्ये तुम्ही हाच कोट रांगेसमोर दाखवला होता," मी म्हणाले. "तेव्हा यात खळ होती. तुम्हालाही कळलं नाही. मलाही इथे बसून कळलं नसतं. माझे वडील परीट आहेत, त्यांनी फोनवर सांगितलं."

माझे कान तापले होते. अध्यक्षांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मी नोकरीभर कोट घरी नेला," ते म्हणाले. "माझी बायकोच धुवायची." मग सुरक्षा अधिकाऱ्यांकडे वळून, "खुंटीवरचे कोट आजच उतरवा. धुऊन येईपर्यंत दुसऱ्या पथकाचे न वापरलेले मागवून घ्या."

ते कोट त्याच दिवशी उतरले आणि त्या आठवड्यात मऊ पाण्यात धुतले गेले. सुरक्षा अधिकारी कोटांच्या टेम्पोबरोबर स्वतः आले होते, हे मी सांगितलं पाहिजे. धुण्याची सोय आणि मराठी सूचना नियमावलीत आल्या. वडीच्या साबणाची चाचणी मात्र अजून आलेली नाही. "पुढील विचारार्थ" असा शेरा मारून ती बाजूला ठेवली आहे आणि प्रत्येक बैठकीत मी ती परत काढते. रिपोर्टमध्ये शेवटी दोन वाक्यं गेली. कापडावर साठलेल्या साबणाने व खळीने पेट घेतला. धुलाईची सोय आणि समजेल अशा सूचना देण्यात आल्या नव्हत्या. पहिलं वाक्य वाचून जवानाची बायको काय समजेल, हे माझ्या मनातून जाईना.

म्हणून मी पुन्हा गेले. जवान आता उठून बसत होता. मी तिला मागच्या दारी, दगडाजवळच सांगितलं.

"तुम्ही विचारलं होतं आणि मी टाळलं होतं. साबण कोटात बसला होता. तोच पेटला. ते खरं आहे. पण हे तुम्हाला सांगायचं काम आमचं होतं, आणि आम्ही ते कधी केलं नाही. माझ्या घरी हाच धंदा आहे, तरी मीही ते लिहायचं विसरले होते."

ती दगडाकडे बघत उभी राहिली. डोळे पुसले नाहीत, तसेच वाहू दिले.

"जास्ती लावला म्हणून," ती म्हणाली.

"हो."

"आन् कमी लावला असता तर?"

"तरी बसलाच असता, या पाण्यात. थोडा कमी."

पडवीतून जवानाचा आवाज आला, काय चाललंय म्हणून. तिने "काय न्हाई" म्हटलं आणि नाक ओढलं.

"मग आता कोट घरी येणारच न्हाई?"

"नाही. तिथेच मशीनमध्ये धुतील."

तिने ब्रश उचलून दगडाजवळच्या कोनाड्यात ठेवला. मग माझ्याकडे वळली.

"त्या मशीनवाल्याला सांगा, कॉलर आधी हातानं चोळायला. यांना घाम लई येतो."

मी वही काढली आणि तिच्यासमोर ते लिहून घेतलं. प्रयोगशाळेत आल्यावर धुलाईच्या सूचनांमध्ये, मऊ पाण्याच्या ओळीखाली, एक ओळ वाढवली: कॉलर व मनगटाची पट्टी आधी स्वतंत्र धुवावी. ती ओळ समितीत कुणीही हरकत न घेता मंजूर झाली.