तीन वाजताचं शून्य

भिवंडीजवळच्या वळ गावच्या गोदामांच्या रांगेत एक गोदाम असं होतं, की त्याच्या दाराशी ट्रक क्वचितच लागायचा. शेजारी साबणाची खोकी, टायर, औषधं. आणि याच्या पोटात एक थंडगार खोली, खोलीत काचेच्या दाराचं उंच कपाट. कपाटात सहाशे चाळीस टेपा उभ्या रचलेल्या. मुंबईतल्या काही कंपन्या आणि एक मोठं रुग्णालय आपल्या कॉम्प्युटरमधली माहिती तारेवरून इकडे पाठवायचं, ती या टेपांवर उतरून जपून राहायची. कपाटातला लोखंडी हात आपणच सरकायचा, हवी ती टेप उचलायचा आणि टेप लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या चार ड्राइव्हपैकी एकात नेऊन घालायचा. माणसानं फक्त लक्ष ठेवायचं. ते ठेवणारा माणूस म्हणजे जवळच्याच दिघाशी गावचा केसरीनाथ, वय सत्तेचाळीस, शिक्षण नववी नापास.

नववी नापास माणसाच्या हाती असलं यंत्र दिलं कुणी, असं विचारणारे शहाणे पुष्कळ भेटायचे. केसरीनाथ आला तो वॉचमन म्हणून, २००३ साली. दाराबाहेर स्टुलावर बसून आतला आवाज ऐकायचा. एक दिवस गोदामाच्या साहेबांना म्हणाला, "तो हात परत येताना कुठंतरी घासतो हाय." साहेब हसले. तिसऱ्या दिवशी हाताचा पट्टा तुटला, तेव्हा हसू गेलं आणि स्टूल आत आलं. त्याच्या कानाचं कौतुक नव्यानं करायला नको. बावीस वर्षं त्यानं फखरुद्दीनशेठच्या कारखान्यात एकावेळी सहा लूम, म्हणजे यंत्रमाग, चालवले होते. त्या खडखडाटात कुठल्या लूमची तार, म्हणजे धागा, तुटली हे तो पाठमोरा उभा राहून सांगायचा. शेठनं कारखाना बंद केला म्हणून, नाहीतर तो तिथंच म्हातारा झाला असता.

नवीन कामही त्यानं लूमसारखंच मांडलं. दर तासाला स्क्रीन बघायची आणि लाल कापडी पुठ्ठ्याच्या रजिस्टरात लिहायचं: कुठल्या ड्राइव्हात कुठली टेप गेली, किती वेळ लागला, आणि लिहिताना ड्राइव्ह किती वेळा अडखळला. या अडखळण्याला स्क्रीनवर एरर म्हणायचे. रजिस्टर कुणी मागितलं नव्हतं. मुंबईच्या ऑफिसातला कॉम्प्युटर हे सगळं आपणच मोजायचा, आणि कुठल्याही ड्राइव्हची बेरीज पाचशेच्या वर गेली की तिकडे घंटा वाजायची. पण जे आपल्या हातानं लिहिलं नाही त्यावर केसरीनाथचा भरवसा बसत नसे.

सकाळी सात ते तीन जोहराची ड्युटी, तीन ते अकरा त्याची; रात्री टेपा लिहिल्या जात नसत, आणि सकाळचं रजिस्टर जोहरा भरायची. जोहरा भिवंडीतल्या जुन्या कोकणी मुसलमान घरातली सून, दोन मुलींची आई. कॉम्प्युटरचा कोर्स केलेला, पण गोदामात नोकरी म्हटल्यावर सासरी महिनाभर अबोला होता. नवऱ्यानं बाजू घेतली म्हणून ती इथवर आली. तरी दिराचं पालुपद सुरूच असे, की एक दिवस तिथून काहीतरी ठपका घेऊनच येईल. केसरीनाथनं तिला काम शिकवलं ते मुलीला शिकवावं तसं, म्हणजे ओरडून आणि डब्यातली सुकटीची चटणी पुढं सरकवून.

आता त्याची ती सवय सांगायला हवी. फखरुद्दीनशेठच्या कारखान्यात प्रत्येक लूमला मीटर होतं. शिफ्ट बदलताना जाणारा आणि येणारा असे दोघं कारीगर लूमसमोर उभे राहायचे, आकडा लिहायचे, आणि येणारा आपल्या हातानं मीटर शून्यावर आणायचा. एकाची मेहनत दुसऱ्याच्या नावावर जाऊ नये, एकाची खोट दुसऱ्याच्या माथी बसू नये. हे चुकवणाऱ्याला कारखान्यात कुणी पाणी विचारत नसे. तेव्हा टेपांच्या खोलीतही रोज तीन वाजता केसरीनाथ जोहराच्या शेजारी उभा राहायचा, चारही ड्राइव्हचे आकडे लिहायचा, दोघांच्या सह्या व्हायच्या, आणि मग तो माउस घेऊन आकडे शून्य करायचा. "आता माझी पाळी," म्हणायचा. मग जोहरा आपलं लॉगिन बंद करून पर्स उचलायची. यापेक्षा इमानदारीचं काम त्याला ठाऊक नव्हतं.

२००६ च्या नोव्हेंबरात रुग्णालयाला एका बाईंच्या जुन्या तपासणीच्या प्रतिमा हव्या झाल्या. गाठ आधी केवढी होती आणि आता केवढी आहे, हे ऑपरेशनपूर्वी ताडून बघायचं होतं. टेप लावली, ती वाचली जाईना. दुसरी लावली, तीही नाही. दुसऱ्याच दिवशी मुंबईहून प्रितेश नावाचा इंजिनिअर आला आणि दुपारपर्यंत दोष सापडला. तीन नंबरचा ड्राइव्ह तीन महिन्यांहून जास्त दिवस झिजलेला होता, आणि तो लिहीत होता ते धड उतरत नव्हतं.

केसरीनाथ पावणेतीनला पोचला तेव्हा जोहरा उभी होती आणि प्रितेश खुर्चीत होता.

"रोज तीनला तुम्ही एररचे आकडे पुसलेत," प्रितेश तिला म्हणत होता. "रोज. तुमचं लॉगिन आहे. आकडा कधी पाचशेला पोचलाच नाही, मग घंटा वाजणार कुठून? हे का केलंत?"

जोहरानं केसरीनाथकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली. 

माउस आपल्या हातात असायचा, हे केसरीनाथनंही सांगितलं नाही. हे लिहायला मला आवडत नाही, पण झालं ते झालं.  मनात आलं, गोदामाचे साहेब रागावतील आणि विसरतील. साहेब विसरले नाहीत. उद्यापासून येऊ नका, खुलासा लेखी द्या, असं त्यांनी जोहराला सांगितलं. तिनं डबा पिशवीत टाकला आणि निघाली.

त्यानं रजिस्टर उघडलं. तीन नंबरचा रकाना: नऊ, चौदा, तीस, अठ्ठावन्न, एकसष्ट, सदुसष्ट. सगळं त्याच्याच अक्षरात. आकडा वाढतोय हे दिसलं होतं. पण लूमवर ज्या दिवसाची खोट त्या दिवशी संपायची, दुसरा दिवस कोरा. बेरीज करायची असते हे बावीस वर्षांत त्याला कुणी सांगितलं नव्हतं. शेवटच्या पानावर त्यानं बेरीज केली. पाच हजारांच्या वर गेली. त्यानं शून्य केलं नसतं तर दुसऱ्याच आठवड्यात घंटा वाजली असती.

तो उठला आणि पळत सुटला. नाक्यावर जोहरा रिक्षात बसायच्या बेतात होती.

"माझा नाव का न्हाय घेतलास?" तो धापा टाकत म्हणाला.

"काका, तुम्ही शिकवलंत मला. आणि तुम्ही माझ्यासमोरच करायचात, मी कधी विचारलं का? मीही सही केलीच ना. मी कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये शिकवीन. तुम्हाला या वयात कोण ठेवणार?"

"घरचे पाठवतील तुला क्लासात?"

जोहरानं रिक्षाच्या दांडीवरचा हात काढला नाही, पण डोळे भरून आले. दिराचे शब्द खरे करून ती घरी निघाली होती, हे दोघांनाही माहीत होतं.

"चल मागं," तो म्हणाला. "मी मघाशी गप बसलो, ती लाज मना पुरं झाली."

प्रितेशच्या पुढ्यात त्यानं रजिस्टर ठेवलं. "साहेब, लॉगिन हिचा, पन माउस माझ्या हातात. पहिल्या दिसापासून मीच पुसलंय. लूमवर पुसतात तसा. हिची काय चूक न्हाय."

प्रितेश रागानं काहीतरी बोलणार होता, पण त्याची नजर पानावर पडली आणि तो वाचतच राहिला. कॉम्प्युटरमधून जे पुसलं गेलं होतं ते सगळं इथं होतं. कुठल्या तासाला तीन नंबर अडखळला आणि तेव्हा त्यात कुठली टेप होती, एकूण एक.

"रुग्णालय त्यांच्याकडची मूळ माहिती नव्वद दिवसांनी काढून टाकतं," तो म्हणाला. "सगळ्या टेपा तपासायला मला तीन आठवडे लागले असते. तोवर रोज आणखी एका दिवसाची माहिती निसटत गेली असती. बसा दोघं. वाचा."

जोहरा वाचत गेली, केसरीनाथ टेपांचे नंबर सांगत गेला, प्रितेश फोनवर रुग्णालयाला ते कळवत राहिला. सहा वाजेपर्यंत यादी झाली. सतरा टेपा खराब होत्या. चौदांची मूळ माहिती अजून शाबूत होती, ती दुसऱ्या दिवसापासून पुन्हा मागवून घेतली. उरलेल्या तीन नव्वद दिवसांपलीकडच्या. त्यांचं काहीच उरलं नव्हतं. त्या बाईंच्या प्रतिमा त्यातच होत्या. त्यांचं ऑपरेशन डॉक्टरांनी जुनं काही न बघताच केलं, एवढंच पुढं कळलं.

जोहरा कामावर राहिली. केसरीनाथला काढलं. प्रितेशनं वरती रदबदली केली असं म्हणतात, पण वरच्यांनी रजिस्टर ठेवून घेतलं आणि ते लिहिणाऱ्याला निरोप दिला. त्याबद्दल केसरीनाथनं कधी कुणाला दोष दिला नाही. त्याच्या मते ती बरोबर शिक्षा होती. माझ्या मते नव्हती, पण मला विचारतो कोण.

शेवटच्या दिवशी तो तीन वाजता आला, रोजच्यासारखा.

"जोहरा, त्या तीन टेपांत मानसं किती व्हती?"

तिनं आधीच काढून ठेवलं होतं, पण सांगायचं टाळत होती. "एकेचाळीस, काका."

त्यानं रजिस्टर ओढलं. त्या दिवसाच्या ओळीखाली सावकाश, नववीतल्या अक्षरात लिहिलं: एकेचाळीस माणसं, माझ्या हातून. खाली सही केली आणि पेन तिच्यापुढं धरलं. जोहरानं मान हलवली, ती सही करेना.

"बरोबर," तो म्हणाला. "ही खोट माझ्या एकट्याची. आनि नव्या मानसाला सांगून ठेव, ह्यो आकडा कदी शून्य करायचा न्हाय."