परातीतलं पिवळं पाणी

माझ्या सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, मला 'चौकशी ऑफिस' म्हणतात. खोटं कशाला बोलू, आहेच मी तशी. काही वेगळं दिसलं की त्याच्या मुळाशी गेल्याशिवाय मला चैन पडत नाही.

मागल्या साली धाकट्या जावेला सातवा महिना होता आणि तिचे डोळे पिवळे झाले. अन्न जाईना, नुसती पडून. मी म्हटलं, दवाखान्यात जाऊ. आत्याबाई कसल्या ऐकतात! "राजूरच्या बाजारात कावीळ उतरवणारा बसतोय. आधी तितं." मग त्यांनी तिची ताट-वाटीही वेगळी काढली. धाकटीला एकच घोर, पोटातल्या जिवाला काही व्हायला नको. गेलो तिघी.

बाजाराच्या कडेला एक म्हातारेबाबा परात घेऊन बसले होते. त्यांनी धाकटीच्या हातांना कसलीशी ओली भुकटी चोळली, काहीतरी पुटपुटले आणि वरून चुन्याची निवळी ओतली. अगं बाई! बघता बघता परातीतलं पाणी हळदीसारखं पिवळं. आत्याबाईंनी हात जोडले. धाकटी कितीतरी दिवसांनी हसली. मीही तोंडात बोटं घातली.

पण डोक्यातला किडा वळवळलाच. कावीळ उतरली म्हणून पाणी पिवळं, तर जिला कावीळच नाही तिचं कसं होईल? मी पदर खोचून पुढं बसले. "बाबा, माजेबी हात धुवा."

पिवळंधम्मक! धाकटीपेक्षा जास्तच.

"तुजी मुरल्याली हाय," बाबा म्हणाले.

"मुरल्याली? सकाळी दोन भाकरी हाणून आलेय मी!"

आत्याबाईंनी बांगड्या मागं सारल्या आणि स्वतःचे हात पुढं केले. त्यांचंही पाणी पिवळं झालं. त्या ताडकन उठल्या. "चला गं, दवाखाना उघडा आसंल अजून."

रक्त तपासल्यावर कळलं, हिपॅटायटिस बी. मी डॉक्टरीणबाईंना प्रश्न विचारून भंडावून सोडलं. हा आजार सुईतून, ब्लेडमधून, नवराबायकोच्या संबंधातून, म्हणजे रक्तातून आणि अंगातल्या स्रावातून जातो. एका ताटात जेवल्यानं नाही. बाळंतपणात आईकडून बाळाला होऊ शकतो, पण जन्मल्या जन्मल्या लस आणि जोडीला आणखी एक इंजेक्शन दिलं तर बहुतेक बाळं वाचतात. घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासायचं, ज्यांना झाला नाही त्यांनी लस घ्यायची.

त्या दिवशी आत्याबाईंनी धाकटीचं वेगळं ताट मांडणीवर परत लावलं आणि तिला शेजारी घेऊन जेवल्या. मग न्हाणीतलं ब्लेड उचललं. घरातले तिन्ही बाप्ये त्या एकाच ब्लेडानं दाढी करायचे, आणि आम्ही मात्र वाटी वेगळी काढून बसलो होतो! "आता ज्यानं त्यानं आपापलं आणायचं," त्यांनी तिघांना बजावलं.

औषधपाण्यानं धाकटीचे डोळे निवळले, पण आजार रक्तात होताच. दिवस भरले. बाळंतपणाला आम्ही तिला दवाखान्यातच नेलं. दाराबाहेर आत्याबाई नुसत्या येरझाऱ्या घालत होत्या. रडणं ऐकू आलं, सिस्टर हसत बाहेर आली. "आजी, तोंड गोड करा, तुम्हाला..."

"पोरगा का पोरगी ते ऱ्हाऊ द्या," आत्याबाईंनी तिचा हातच धरला. "दोनी इंजेक्शनं टोचली का, ते आदी सांगा!"

"टोचली, आजी. दोन्ही टोचली."

आत्याबाई तोंडाला पदर लावून रडायला लागल्या. पोरगा का पोरगी हे विचारायचं त्यांना कितीतरी वेळानं सुचलं; नात झाली होती.