देवमन सरकटेंची कांद्याची पात

देवमन सरकटे वाशिम जिल्ह्यातल्या मालेगावच्या एका शाळेत एकतीस वर्षं प्रयोगशाळेत परिचर होते. परीक्षानळ्या धुवायच्या, बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवायच्या, सर मागतील ते हातात द्यायचं आणि प्रयोग फसला की फरशी पुसायची, हे त्यांचं काम. स्वतः प्रयोग करायची पाळी त्यांच्यावर कधी आली नाही. निवृत्त झाले तेव्हा शाळेनं शाल दिली, नारळ दिला, दोन सरांनी भाषणं केली. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला देवमन सवयीनं कपडे करून ओट्यावर आले आणि जायचं कुठंच नाही हे त्यांच्या ध्यानात आलं.

पहिला महिना त्यांनी घरातल्या डब्यांना चिठ्ठ्या लावण्यात घालवला. मिठाच्या डब्यावर ‘मीठ’, हळदीच्या डब्यावर ‘हळद’, खाली तारीख. त्यांची बायको रुख्मिणी पस्तीस वर्षं अंधारातही मीठ बरोबर काढत आली होती. तिनं दोन दिवस सहन केलं.

"मले आता वाचून सयपाक करा लागते का?" ती म्हणाली. "घराबाहेर काईतरी करा तुमी. मागं एवढी जागा पडली हाये."

जागा होती. घरामागं पेरूच्या झाडाखाली न्हाणीचं पाणी जायचं तिथं नुसतं गवत माजलं होतं. देवमननी ते आठ दिवसांत साफ केलं आणि रोप आणायला केनवडला भाच्याकडे गेले. भाचा धनराज कांदा करायचा. त्याची लागवड आटोपत आली होती.

"मामा, घरापुरतं पायजे न? एक पेंढी न्या," तो म्हणाला.

एका पेंढीत किती रोपं असतात हे देवमनना माहीत नव्हतं. पेंढी उशीएवढी होती. मोटरसायकलवर मागं बांधून आणली, अंगणात सोडली आणि ते मोजायला बसले. सहाशेपर्यंत मोजून त्यांनी नाद सोडला. फेकून देणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. शाळेत खडूचे तुकडेसुद्धा ते डबीत ठेवत. मग परसात वाफे झाले, ते भरले. फुटक्या बादल्या भरल्या, रंगाचे डबे भरले, दोन घमेली भरली. तरी मूठभर रोपं उरली, तेव्हा त्यांची नजर कोपऱ्यातल्या कूलरवर गेली. थंडीचे दिवस, कूलर कोणाला पाहिजे. त्यांनी त्याची खालची टाकी सोडवली. पाणी साचून मुळं सडू नयेत म्हणून खिळ्यानं तिला बारा भोकं पाडली, आणि माती भरली.

पीक जोरात आलं. महिन्याभरात पात हातभर झाली. मुळापासून दोन बोटं सोडून कापली तर पुन्हा फुटते, हे देवमनना फोनवरच्या एका व्हिडिओतून कळलं आणि खरंच फुटली. हा त्यांचा पहिला यशस्वी प्रयोग. ते रोज सकाळी कात्री घेऊन परसात जात आणि काखेत भारा घेऊन परत येत.

घरात पातीचा झुणका झाला. मग मुगाची डाळ घालून पात झाली. पातीचं थालीपीठ, पातीची भजी, पातीचं वरण झालं. मुलगा उत्कर्ष वाशिमला बँकेत होता, त्याचं बरं होतं, तो दुपारी तिकडेच जेवायचा. सून मंजुषा मालेगावातच पंचायत समितीत कारकून होती. तिच्या डब्याचं झाकण उघडलं की शेजारच्या टेबलावरच्या बाई खिडकी उघडायच्या.

"बाबा," ती एक दिवस हळूच म्हणाली, "हप्त्यातून एक दिवस वांगं चालन का?"

देवमन शेजारीपाजारी वाटू लागले. पहिल्या वेळी लोकांनी कौतुक केलं. चौथ्या वेळी, पिशवी घेऊन ते गल्लीत शिरले की दारं लागू लागली. समोरच्या विमलबाई बुद्धविहारातल्या महिला मंडळाच्या अध्यक्ष, तोंडाच्या फटकळ. त्यांनी दारातूनच हात जोडले.

"जय भीम, देवमनभाऊ. आमच्या घरी सगळे जेवले. रात्रीचंबी जेवले."

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यातच ऊन तापलं. रुख्मिणीनं कूलर पुसायला घेतला आणि खाली टाकीच नाही. ती परसात गेली. टाकीत कांदा डुलत होता. तिनं मातीसकट तो उपटला, टाकी धुतली, पाणी भरलं, आणि बारा धारा तिच्या पायावर पडल्या.

"हे काहून केलं?" तिनं विचारलं.

"निचरा व्हाले पायजे न वं," देवमन म्हणाले.

टाकीला आतून डांबर लावून ती एकदाची बसली, पण रुख्मिणीनं फर्मान काढलं. आठ दिवसांत परस मोकळा झाला पाहिजे. तसेही वाफ्यातल्या कांद्यांना डेंगळे, म्हणजे फुलांचे दांडे, यायला लागले होते, पात जून होत होती. उपटायला तर हवंच होतं. पण एवढ्या पातीचं करायचं काय? देवमनना सुचलं की मे महिन्यात बाजारात पात डोळ्यांनी दिसत नाही. तेव्हा आपल्या घरी ती असली तर?

पहिल्यांदा त्यांनी चिरून गच्चीवर उन्हात वाळवली. चार दिवसांत तिचा पिवळा भुसा झाला. विमलबाईंच्या शेळीपुढं टाकला, तिनं हुंगला आणि मान फिरवली. देवमननी वहीत नोंद केली: ऊन नको.

दुसरा प्रयोग फ्रिजचा. उरलेली पात धुतली, पुसली, बारीक चिरली, पावाच्या आणि दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत भरून दोऱ्यानं बांधली. प्रत्येक पिशवीवर तारीख. वरचा बर्फाचा कप्पा गच्च भरला. झाकण लागेना तेव्हा त्यांनी ते सुतळीनं ओढून बांधलं. फ्रिज उघडला की वास यायचा म्हणे, पण देवमनना येत नसे. प्रयोगशाळेत सडक्या अंड्याच्या वासाचा गॅस हुंगता हुंगता त्यांचं नाक त्यांच्या किती तरी आधी निवृत्त झालं होतं.

मग आली बुद्ध पौर्णिमा. विहारातल्या खिरीचा मान यंदा सरकट्यांच्या घरी होता. रुख्मिणीनं आदल्या दिवशी सकाळी सात लिटर दूध आणून तापवलं, दोन गंज, म्हणजे उभी पातेली, भरून फ्रिजमध्ये ठेवलं, वर ताटल्या झाकल्या. दुपारी वादळवाऱ्याचं वावधान सुटलं. कुठंतरी तारेवर फांदी पडली आणि पाच तास वीज गेली. बाहेर त्रेचाळीस अंश. वरच्या कप्प्यातल्या पिशव्या विरघळल्या, दोरे सैल झाले, आणि पातीच्या बारीक तुकड्यांसह हिरवं पाणी थेंब थेंब खालच्या गंजांवर पडत राहिलं. ताटल्या काही घट्ट नव्हत्या.

सकाळी खीर शिजली. कूलरच्या वाऱ्यानं रुख्मिणीला सर्दी झालेली, तिला वास आला नाही. देवमन ढवळायला होते, त्यांचा प्रश्नच नव्हता. उत्कर्ष आणि मंजुषा विहार सजवायला पहाटेच गेले होते. वेलची भरपूर पडली, हिरवे ठिपके तिचेच वाटले, खीर दाट झाली, आणि देवमननी पातेलं डोक्यावर घेऊन विहारात नेलं.

वंदना झाली. द्रोण फिरले. पहिल्या ओळीत बसलेल्या नानीबाई, वय नव्वदीच्या घरात, द्रोणात निरखून पाहत म्हणाल्या, "यंदा पोरीनं पिस्ते घातले."

बाकीच्यांचं तसं नव्हतं. जो तो एक घोट घेई, थांबे आणि शेजाऱ्याच्या तोंडाकडे पाही. एकानं स्वतःची बोटं हुंगून पाहिली. मंजुषानं द्रोण तोंडाला लावला आणि सासऱ्यांकडे पाहिलं. ती नजर देवमनना कळली नाही. विमलबाईंनी मात्र पूर्ण द्रोण संपवला, तोंड पुसलं आणि शांतपणे म्हणाल्या, "रुख्मिणीबाई, खीर झ्याक झाली. फक्त बेसन टाकाचं राह्यलं."

हशा झाला. रुख्मिणीचा चेहरा उतरला. तिनं पळी पातेल्यात फिरवली, एक हिरवा तुकडा वर आला, तो तिनं बोटावर घेतला आणि ओळखला. मान खाली घालून ती तशीच उभी राहिली. तिच्या सैपाकाला आजवर कोणी नाव ठेवलं नव्हतं.

देवमननी हातातला द्रोण खाली ठेवला. ते उभे राहिले. एवढ्या माणसांसमोर ते आयुष्यात कधी बोलले नव्हते.

"जय भीम," ते म्हणाले. "खिरीत पिस्ता नाई. कांद्याची पात हाये. चूक माही हाये, तिची नाई. म्या वरच्या खणात पात ठेवली होती. पिशव्या हवाबंद नोत्या. लाईन गेली, बर्फ इतळला, अन् ते पानी दुधात गेलं." मग त्यांनी प्रामाणिकपणे पुढची पायरीही सांगितली, "दुधाले वास लवकर लागते. हे मले मालूम पायजे होतं."

आता हसू आवरेना कोणाला. रुख्मिणीसुद्धा पदराआड हसली, पण ते तिनं देवमनना दिसू दिलं नाही. नानीबाईंना कमी ऐकू येई. त्यांनी द्रोण पुढं केला. "पिस्त्याची अजून दे."

उत्कर्ष मोटरसायकलवर जाऊन दूध घेऊन आला, विमलबाईंनी घरून शेवया आणल्या, आणि तासाभरात विहाराच्या मागच्या शेगडीवर दुसरी खीर झाली. देवमनना कोणी पातेल्याजवळ येऊ दिलं नाही.

घरी आल्यावर रुख्मिणीनं सगळ्या पिशव्या काढून खड्ड्यात पुरल्या आणि फ्रिज सोड्यानं तीनदा पुसला. नंतर आठ दिवस ती नवऱ्याशी सुनेमार्फत बोलली.

"मंजू, तुह्या सासऱ्याले सांग, ताट वाढलं."

सासरा दोन हातांवर बसलेला असे. तोही म्हणे, "मंजू, सांग, येतो."

बोलायला कोणी नाही म्हणून देवमन परसात बसू लागले. पेरूच्या सावलीत, न्हाणीच्या पाण्यावर, एक वाफा अजून हिरवा होता. तो उपटायचा राहूनच गेला होता. एक दिवस त्यांनी तो कापला. या वेळी धुतल्यावर पात फडक्यावर पसरून पार कोरडी होऊ दिली, मग चिरली, आणि समोरच्या खोलीत बाजेवर जुनं धोतर अंथरून त्यावर विरळ पसरली. दारं ओढून घेतलेली, ऊन नाही, वर पंखा. मे महिन्याची कोरडी हवा. दर दोन तासांनी ते हात फिरवत. पाहुणा आला तर त्याला बाजेच्या कडेला बसवत आणि सांगत, "तिकडं टेकू नका."

तिसऱ्या दिवशी पात कुरकुरीत झाली. रंग हिरवाच. बोटांत चुरली तर पापडासारखी मोडली. टोपलीभर पातीची एक बाटली झाली. झाकण घट्ट लावून ती त्यांनी सैपाकघराच्या उंबऱ्यावर ठेवली आणि आपण बाहेर निघून गेले.

बाटली तीन दिवस तिथंच होती. रुख्मिणी तिला ओलांडून जायची. झाडतानाही ती बाजूला सरकवून पुन्हा जागेवर ठेवायची.

चौथ्या दिवशी बाजारात भाजी म्हणून नुसते बटाटे होते. संध्याकाळी जेवायला बसल्यावर देवमनच्या ताटात पिठलं आलं. पिवळ्या पिठल्यात हिरवे ठिपके. त्यांनी भाकरीचा तुकडा बुडवला, खाल्ला. वर पाहायची हिंमत झाली नाही. समोर मंजुषा दुसऱ्यांदा वाढून घेत होती.

"वास येते पातीचा," रुख्मिणी म्हणाली. आठ दिवसांनंतर ती थेट त्यांच्याकडे पाहून बोलली होती. "पन बरा येते."

देवमननी अर्धी भाकर आणखी मागून घेतली.