फुगवट्यावरचा तंबू

तीस वर्षं तालुक्याची बातमीदारी केली. छापून आलेलं बहुतेक विसरलो. लक्षात राहिलं ते न छापलेलं, आणि त्यातलं निम्मं निमोण्याच्या खालच्या अंगाला, धरणाच्या फुगवट्याकाठी घडलेलं. आम्ही तिघं जमलो की एक किस्सा निघतो, त्याच्या शेपटीला धरून दुसरा येतो आणि चहा निवून जातो.

तिघं म्हणजे मी शिरूरचा, केंदूरचा बातमीदार नाना आणि यवतचा फोटोग्राफर सलीम. दर हिवाळ्यात एक शनिवार-रविवार त्या काठावर आमचा तंबू असायचा.

*

पहिला तंबू पुण्याच्या जुन्या बाजारातून आणला. उभा करायला घेतला तेव्हा कळलं, मधला खांबच नाही. सलीमनं कॅमेऱ्याचा ट्रायपॉड काढला, पूर्ण उंच केला आणि आत रोवला. तंबू राहिला.

तेवढ्यात समोरच्या पाण्यावर रोहित पक्ष्यांचा थवा उतरला. सलीम कॅमेरा घेऊन धावला, दोन फोटो काढले, दोन्ही हलले. "ट्रायपॉड दे, ट्रायपॉड!"

नाना तंबूतून म्हणाला, "फोटो पाहिजे का घर पाहिजे, ते आधी ठरव."

*

शेजारचं शेत आप्पांचं. सत्तरी गाठलेला, सात म्हशींचा धनी. पहिल्याच संध्याकाळी ते तंबूभोवती एक चक्कर मारून आले.

"घरदार हाय ना रं पोरांनो?"

"आहे की, आप्पा. याला कॅम्पिंग म्हणतात."

"व्हय? मग आमी उसाला पानी द्याया बांधावर झोपतो, त्याला काय म्हंत्यात?"

प्रश्न विचारून पोट भरणारे आम्ही तिघं. नानानं आप्पांचाच प्रश्न वहीत लिहून घेतला. थोड्या वेळानं आप्पांच्या घरून भाकरी आणि वांग्याचं भरीत आलं. पुढं ते दरवर्षी येत राहिलं, न सांगता.

*

काठावर आमचा एक नियम होता: बातमी बंद. जो बातमीचं नाव काढील त्यानं भांडी घासायची.

एका वर्षी तंबूपासून वीस पावलांवर एका नेत्याची गाडी गाळात रुतली. ड्रायव्हर रेस करतोय, चाकं आणखी खाली जातायत. नाना माझ्याकडं बघतोय, मी सलीमकडं. भांडी बरीच होती. तिघांनीही तोंड मिटून मागून गाडी ढकलली, गुडघ्यापर्यंत चिखल.

गाडी निघाली. काच खाली आली. "कुठले तुम्ही?"

"सुट्टीवरचे," नाना म्हणाला.

नेत्यानं पाण्याकडं डोळे भरून पाहिलं. "छान आहे हो. इथं काहीतरी केलं पाहिजे."

गाडी दिसेनाशी झाल्यावर पाय धूत नाना म्हणाला, "रुतू द्यायला पाहिजे होती." तेव्हा आम्ही पोट धरून हसलो होतो.

*

काहीतरी झालंच. पर्यटन केंद्र मंजूर झालं, कंत्राटदार आला, तारेचं कुंपण आलं, गेट आलं. उद्घाटन नेमकं आमच्या रविवारी.

नियम म्हणजे नियम. मी शनिवारी सकाळीच बातमी लिहून मोकळा झालो: "मोठ्या उत्साहात उद्घाटन. ग्रामस्थांनी प्रकल्पाचं स्वागत केलं." अशी तयार वाक्यं आमच्या धंद्यात बोटांतच असतात. सलीमनं नेत्याचा फीत कापतानाचा जुना फोटो जोडला. मग फोन बंद करून आम्ही वळणापलीकडं तंबू ठोकला.

नेता आलाच नाही. मांडव न वापरता गुंडाळला गेला. सोमवारी माझी बातमी चार कॉलम, माझ्या नावासकट.

*

पुढच्या हिवाळ्यात तंबू घेऊन गेटवर गेलो. टी-शर्टवाला मॅनेजर गोड बोलला. "सर, बाहेरचा टेंट अलाऊड नाही. आमच्या टेंटमध्ये एसी आहे, टीव्ही आहे."

"मग मी घरीच बरा की," सलीम म्हणाला.

आम्ही हसत आप्पांच्या अंगणात गेलो. आप्पा हसले नाहीत. म्हशींची पाण्यावर जायची वाट बरोबर तारेखाली गेली होती. आता तीन किलोमीटरचा वळसा, तोही ट्रकच्या रस्त्यानं. एक रेडकू त्या रस्त्यावर ट्रकखाली गेलं होतं. दोन म्हशी विकायला काढल्या होत्या. आप्पांनी अर्ज केला, त्याचं उत्तर आलं होतं: नकाशावर वाट नाही, ग्रामस्थांची हरकत नव्हती. सोबत पुरावा म्हणून कात्रण.

आप्पांनी ते माझ्या हातात ठेवलं. "वाच. तुजंच हाय."

 मग नेहमीसारखी भाकरी वाढली.

आयुष्यभर साहेबलोकांशी भांडलो, पण त्या दिवशी भांडायला समोर कुणी नव्हतं. खुलासा लिहिला, तर संपादक म्हणाले, "जुनं झालं आता." मग साध्या कागदावर लिहून दिलं: ही बातमी खोटी आहे, मी ती न बघता लिहिली. खाली सही. तो कागद घेऊन तहसील कचेरीत चार चकरा मारल्या, आवाज चढवला, तेव्हा कुठं एक अधिकारी पाहणीला यायला तयार झाला.

*

अधिकारी दुपारी आला. एका हातात नकाशा, मागं कारकून, शेजारी मॅनेजर. गाडीसाठी गेट सताड उघडलेलं.

"बाबा, वाट होती म्हणता. पुरावा काय?"

माझं तोंड उघडलं होतं. नानानं माझा हात दाबला.

आप्पा गोठ्यात गेले आणि सातही म्हशींची दावी सोडली.

म्हशी निघाल्या. म्हातारी म्हैस पुढं, बाकीच्या मागं, एका रांगेत. उघड्या गेटासमोरून गेल्या. एकीनंही मान वळवली नाही. तीसेक पावलं पुढं जाऊन म्हातारी तारेला नाक लावून उभी राहिली. तिच्या मागं सगळी रांग उभी राहिली. तारेपलीकडं पाणी चमकत होतं.

"अहो, गेट इकडं उघडं आहे," अधिकारी म्हणाला. "इकडून हाका ना."

"गेट दीड वर्साचं हाय, सायेब," आप्पा म्हणाले. "म्हस चौदा वर्साची हाय."

मॅनेजर हसला. अधिकारी हसला नाही. नकाशाची घडी घालून खिशात ठेवली, तारेपर्यंत चालत गेला, खाली वाकून खुरांनी झिजलेली जमीन बघितली. मग कारकुनाला म्हणाला, "पंचनामा लिहायला घ्या."

कारकुनानं पेन काढलं.

अधिकारी आप्पांकडं वळला. "सगळ्यात पुढच्या म्हशीचं नाव काय?"